शिकागोचा वॉटर टॉवर नीट कसा बघायचा
मिशिगन अव्हेन्यूवरच्या वॉटर टॉवरचा नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. आधी रस्ता क्रॉस करून समोरच्या पंपिंग स्टेशनपाशी उभे राहा, टॉवर कशासाठी बांधला ते तिथूनच कळतं. तिथले वाफेवरचे पंप पाणी झटक्या-झटक्याने ढकलायचे, मग प्रेशर एकसारखं राहावं म्हणून साधारण 138 फुटांचा उभा पाइप बसवला आणि तो झाकायला हा किल्ल्यासारखा मनोरा, म्हणजे ही पाण्याची टाकी नाहीच! मग जवळ जाऊन पिवळसर चुनखडीचा दगड आणि कोपऱ्यांवरचे छोटे बुरूज निवांत बघा, डिझाइन विल्यम बॉयिंग्टनचं, 1869 चं. 1871 च्या आगीत आजूबाजूचं जवळपास सगळं जळालं पण हा टिकला, मला तर त्या दगडाला हात लावल्याशिवाय राहवतच नाही.