मातीच्या भिंती घालायच्यात? आधी बाटली टेस्ट करा

मराठवाडा-विदर्भाकडं मातीचं घर बांधायचं डोक्यात असेल तर शेतातली काळी माती भिंतीला घेऊ नका, ती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, जुनी धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) घरं पांढऱ्या मातीची असायची ते उगाच नाही.

माती तपासायला लॅब वगैरे काय लागत नाही. वरची पालापाचोळ्याची माती काढून टाकायची, खालची माती पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भरायची, वर पाणी नि चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवून द्यायची. तळाला वाळू बसते, मधे गाळ, वर चिकणमाती. चिकणमातीचा थर साधारण १५ ते २५ टक्के असला तर बेस्ट, जास्त दिसली तर वाळू वाढवा, कमी असली तर भिंत भुसभुशीत होणार. मग त्याच मातीत गव्हाचं काड घालून, चांगली तुडवून तीन-चार वेगवेगळ्या मिश्रणांच्या विटा पाडून सावलीत वाळवा, जी तडकली नाही ती फायनल.

आणि जोतं मात्र दगडाचंच, दीड-दोन फूट उंच, छपराची वळचण पण दोन-अडीच फूट बाहेर काढा, कारण मातीच्या भिंतीला उन्हाचं काय नाही, पागोळ्या नि खालून चढणारी ओल तिला खाते. गवंडी म्हणेल वरून सिमेंटचं प्लास्टर मारू, ऐकू नका, ओल आत अडकते नि प्लास्टर पोपडे धरून सुटतं. माती-शेणाचा नाहीतर चुन्याचा गिलावा करा.