हलक्या स्कोपचे क्लिक मोजून कसे घ्यावेत

रायफलवरच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा, नेम सरकवणाऱ्या नॉबवर '१ क्लिक = ०.१ मिल' (मिल हे कोन मोजायचं एकक) असं कोरलेलं असतं आणि बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. माझी उमेदीची वर्षं मायक्रोमीटर आणि डायल गेज हाताळण्यात गेली. कोरलेला आकडा मोजल्याशिवाय खरा मानायचा नाही, ही सवय तिथली. लांबवरच्या शिकारीसाठी पाचशे ग्रॅमच्या आतला स्कोप घेणाऱ्याला मी दोन प्रश्न वेगळे ठेवायला सांगतो. क्लिक लिहिलंय तेवढं सरकतं का? आणि दर वेळी तेवढंच सरकतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तरी स्कोप वापरता येतो. दुसऱ्याचं 'नाही' आलं तर तो परत करावा, मग काच कितीही लख्ख असो.

आत काय चालतं ते आधी बघू. नॉब फिरवला की बारीक आट्यांचा स्क्रू खाली उतरतो आणि आतल्या छोट्या नळीला ढकलतो. समोरून स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. वजन वाचवण्यासाठी बाहेरची नळी बऱ्याचदा ३० ऐवजी २५.४ मिलिमीटरची घेतात, आणि आत हलायला जागा कमी उरते. शिवाय गोल नळीत गोल नळी असल्यामुळे डावं-उजवं खूप सरकवलं तर वर-खालीची जागाही खाल्ली जाते. प्रवासाच्या टोकाशी स्प्रिंगचा दाब बदलतो आणि क्लिक आडवं पळू शकतं. म्हणून तपासणी तुमच्या रायफलवर, तुमच्या झिरोपासून (नेम आणि गोळी एकाच जागी पडतात ती नॉबची जागा) सुरू करा. मोकळा स्कोप टेबलावर ठेवून मधल्या भागात घेतलेलं माप शिकारीत कामाचं नाही.

रिंग (स्कोपला रायफलवर धरणाऱ्या कड्या) बसवताना टॉर्क रेंच (किती ताकदीने आवळतोय ते दाखवणारा पाना) वापरा आणि रिंगवाल्याने दिलेला आकडा ओलांडू नका. पातळ नळी जास्त आवळली की आतली नळी अडकू लागते आणि दोष विनाकारण नॉबच्या माथी बसतो.

आता अंतर. सगळी तपासणी बिघडते ती इथे. १०० मीटरवर १ मिल म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर. रेंजवरची पाटी '१००' म्हणत असेल आणि ते यार्ड असतील, तर अंतर ९१.४४ मीटर भरतं. म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक स्कोपला हात लावण्याआधीच झाली. हातातला लेझर रेंजफाइंडर एखाद्या मीटरने चुकला तरी एक टक्का गेला. आपल्याला एक-दोन टक्क्यांचाच फरक शोधायचा आहे, तेव्हा लांब टेप जमिनीवर पसरून मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

पहिली फेरी गोळी न झाडता करा. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर काढून बाजूला. अंतर स्कोपच्या पुढच्या काचेपासून धरा. समोर फळ्यावर ओळंबा सोडून उभी रेघ आखा आणि वरून खाली ११० सेंटिमीटरपर्यंत खुणा करा. रायफल जड व्हाइसमध्ये (शिकंज्यात) मऊ जबड्यांनी पकडा, पॅरलॅक्स नीट लावा, म्हणजे डोळा हलला तरी नेम सरकल्यासारखा दिसणार नाही, आणि रेटिकलचं (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांचं) केंद्र वरच्या शून्यावर आणा. नॉब 'अप'कडे फिरवला, म्हणजे डायल केलं, की केंद्र फळ्यावर खाली उतरताना दिसेल. गोळी वर जायची तर नेम खाली दिसणार, त्यात घोटाळा नाही. दर २ मिलला थांबून वाचन लिहा, १० मिलपर्यंत जा आणि तसंच परत या. चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन वेगळं आलं तर स्क्रूत प्ले (ढिलेपणा) आहे किंवा स्प्रिंग कमजोर आहे. मात्र असा निष्कर्ष काढण्याआधी रायफलच व्हाइसमध्ये हलली नाही ना, ते दोनदा बघा. केंद्र उतरताना ओळंब्याची रेघ सोडत असेल, तर एक तर स्कोप तिरका बसलाय किंवा रेटिकल आतच तिरकं आहे. एक अंशाच्या तिरकेपणाने १० मिलला पावणेदोन सेंटिमीटर आडवा फरक पडतो.

नॉब मिलऐवजी एमओएचा (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) असेल तर एक गोष्ट आणखी पाहा. खरा एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच असतो, पण काही स्कोप प्रत्यक्षात नेमका एक इंच सरकतात. १०० मीटरवर ३० एमओए म्हणजे ८७.३ सेंटिमीटर. ८३.३ च्या आसपास आलात तर तुमचा नॉब इंचाचा आहे आणि बॅलिस्टिक ॲपमध्ये (कुठल्या अंतराला किती डायल करायचं ते सांगणाऱ्या ॲपमध्ये) ते बदलायला हवं.

दुसरी फेरी गोळ्यांची, कारण धक्का बसल्यावर काय होतं ते व्हाइस सांगत नाही. रेंजच्या नियमांत, मागे भक्कम बांध असलेल्या जागी उंच टार्गेट लावा आणि तळाच्या एकाच ठिपक्यावर नेम ठेवा. पाच गोळ्या झिरोवर, पाच १० मिल वर, पुन्हा पाच झिरोवर. ग्रुपच्या (पाच भोकांच्या पुंजक्याच्या) मध्यांमधलं अंतर मोजा, एकेका भोकामधलं नाही. तीन सेंटिमीटरचा ग्रुप टाकणाऱ्या रायफलवर २ मिल डायल करून काहीच सिद्ध होत नाही, फरक ग्रुपच्या पसाऱ्यातच बुडतो.

वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारखंच डायल करून टार्गेटवर चौकोन काढून 'स्कोप ट्रॅक करतो', म्हणजे क्लिक बरोबर सरकतात, असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. प्रत्येक क्लिक चार टक्के कमी सरकत असेल तरी चौकोन सुबकच येतो, फक्त लहान येतो. त्यावरून नॉब जागेवर परत आला हे कळतं, किती गेला ते कळत नाही.

समजा १० मिलला ९७ सेंटिमीटर मिळाले आणि दर वेळी तेवढेच मिळतात. मग गुणक १०० भागिले ९७, म्हणजे १.०३१. ॲप ६.२ मिल म्हणालं तर ६.४ डायल करा. मात्र हा फरक लपवायला ॲपमध्ये गोळीचा वेग कमी-जास्त करू नका. एका अंतरावर हिशेब जुळेल आणि बाकीच्या अंतरांवर फसेल, कारण वेगाची चूक आणि क्लिकची चूक अंतराबरोबर सारख्या वाढत नाहीत.

किती चूक चालेल? ४०० मीटरला २ मिल लागत असतील तर दोन टक्क्यांनी १.६ सेंटिमीटर चुकतं, ते सोडून द्या. ६०० मीटरला ४ मिल लागले तर तीच चूक ४.८ सेंटिमीटर होते. एवढ्याने हरणावरचा नेम हुकत नाही, पण वाऱ्याचा अंदाज आणि अंतराची चूक तिच्यात मिळाली की जनावर जखमी होऊन निघून जाऊ शकतं. माझा नियम असा: एक टक्क्यापर्यंत दुर्लक्ष, त्यापुढे गुणक, आणि झिरोवर परतताना ग्रुपचा मध्य एका क्लिकहून जास्त सरकला असेल तर आधी रिंग आणि बेसचे (रिंग ज्यावर बसतात त्या पट्टीचे) स्क्रू तपासून पुन्हा गोळ्या टाकायच्या. तरीही तेच झालं तर स्कोप परत.

गुणक आला की तो कागदावर लिहून रायफलच्या दस्त्यावर चिकटवा. स्कोप आपटला किंवा रिंग बदलल्या, तर तो कागद काढून टाका आणि टेप पुन्हा पसरा.