आधी उभं राहायला शिकवा, मग पोहायला

पाय तळापासून सुटले की ते परत टेकतील का, ही नवशिक्याची खरी भीती. म्हणून हात कसे मारायचे ते नंतर. आडव्या झालेल्या अंगाने पुन्हा पायांवर उभं राहता आलं पाहिजे, हे आधी. बहुतेक ठिकाणी हाच धडा गाळला जातो आणि महिनाभर क्लास करूनही माणूस काठ सोडत नाही.

जागा निवडताना हयगय नको. पणजीत कांपालला आहे तसा तरणतलाव, जीवरक्षक हजर, आणि पाणी शिकणाऱ्याच्या बेंबीच्या वर पण छातीच्या खाली. देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि शेवटच्या पायरीपुढे एकदम खोल. डिचोली-सांगेकडे पाण्याने भरलेले खाणीचे खंदक तर नकोतच: उथळ भाग नाही, कडा उभ्या आणि भुसभुशीत, बाहेर यायला धरायला काही नाही. समुद्रातही पहिले धडे देऊ नयेत. तिथे एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे अंग सहज उचललं जातं. कळंगुटला तरंगता आलं म्हणून कुणी विहिरीत किंवा खंदकात उतरतो आणि तिथलं गोडं पाणी त्याला तेवढं उचलत नाही. या फरकाने घात होतो.

कपडे नायलॉनचे किंवा लायक्राचे. सुती टीशर्ट, पंजाबी ड्रेस भिजून जड होतो आणि हातापायांत अडकतो. अंग झाकायचं असेल तर लांब बाह्यांचे, पूर्ण पायांचे स्विमसूट मिळतात. त्यात बायकांनाही मोकळेपणी शिकता येतं.

सुरुवात श्वासापासून. काठ धरून उभं राहायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, नाक-तोंड पाण्यात घालून नाकाने ‘म्म्म’ असा आवाज करत तीन सेकंद हवा सोडायची. वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. असं दहा वेळा, न थांबता जमेपर्यंत पुढे जाऊ नये. नवशिका श्वास कोंडून धरतो. वर आल्यावर त्याला आधी हवा सोडावी लागते, मग घ्यावी लागते. तेवढा वेळ मिळत नाही आणि घोटभर पाणी आत जातं. त्याला वाटतं आपला दम कमी पडतो. दम पुरेसा असतो, आधी हवा सोडायची राहिलेली असते. श्वास कोंडण्याच्या शर्यती मात्र कधीच लावू नयेत. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारणारा पोहता येत असूनही पाण्यात बेशुद्ध पडू शकतो.

आता उभं राहणं. शिकणाऱ्याचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांवर घ्या, त्याला तोंड पाण्यात घालून आडवं होऊ द्या आणि तुम्ही हळूहळू मागे चाला. मग त्याने गुडघे पोटाशी ओढायचे आणि त्याच वेळी पसरलेले हात खाली दाबत मांड्यांकडे आणायचे. कंबर खाली जाते, अंग उभं होतं. पाय तळाला लागल्याचं कळलं की मगच डोकं वर. डोकं आधी उचललं तर पाय मागे तरंगतच राहतात आणि माणूस धडपडतो. दहातले नऊ जण हीच चूक करतात. उताणं असताना हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी, आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं, खुर्चीत बसतो तसं. दोन्ही प्रकार आधाराशिवाय पाच-पाच वेळा जमले की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

मग उताणं तरंगणं. एक तळवा डोक्याखाली, दुसरा खांद्यांच्या मधोमध. कान पाण्यात बुडू द्या, नजर आभाळाकडे, पोट वर. पोटाखाली किंवा कमरेखाली धरलं तर अंग मध्येच मोडतं. आधार कमी करत जायचा: तळवा, मग चार बोटं, मग एक. आणि हात काढण्याआधी सांगायचं. फसवून सोडलेलं शिकणारा विसरत नाही, ते मूल पुढचा आठवडाभर गळ्याला मिठी मारून बसतं.

यानंतर भिंतीला पाय लावून ढकलायचं, हात पुढे, तोंड खाली, आणि सरकत जाऊन आपण होऊन उभं राहायचं. तीन मीटर झाले तरी खूप. पाय मारायचे ते मांडीच्या सांध्यापासून, घोटे सैल. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले की फेस होतो पण माणूस जागचा हलत नाही.

कोकणात आणि गोव्यात दोन सुके असोले नारळ सुंभाने बांधून पोहायला शिकवत आले आहेत. युक्ती चांगली, पण दोर छातीवरून कमरेकडे सरकला की कंबर वर आणि डोकं खाली जातं. दंडावरचे फुगे माणसाला उभाच ठेवतात, आडवं होऊ देत नाहीत. त्यापेक्षा हातात धरायची फोमची फळी बरी, ती केव्हाही सोडता येते. जीव वाचवायचं साधन मात्र यातलं एकही नाही. लहान मूल कायम हाताच्या अंतरावर हवं.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत असतात. उडी मारू नका. काठी पुढे करा किंवा झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबून दोन श्वास, हा क्रम चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

खोल पाण्यात सोडण्याआधी दोन मिनिटं उताणं तरंगणं, दिशा बदलणं, २५ मीटर न थांबता जाणं आणि शिडीशिवाय काठावर चढणं जमलं पाहिजे. समुद्र त्यानंतर, तोही जून ते सप्टेंबर सोडून, आणि लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत, गडद दिसतो. तिथेच आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. उताणे तरंगा, एक हात वर करा, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांकडे सरका.