कॉलेज बंद असताना व्यवसाय शिक्षणाची प्रात्यक्षिके कशी चालू ठेवावीत

मार्च २०२० मध्ये करोनामुळे वर्ग बंद झाले, तेव्हा अर्थशास्त्राचा पाठ निदान मोबाइलवरून तरी पोहोचवता आला. परंतु अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमातील मुलामुलींचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला. कोल्हापूरकरांना तर जुलै २०२१ च्या महापुराने पुन्हा एकदा घरी बसवले. त्यामुळे साथ असो वा पूर, अशा खंडाची तयारी जूनमध्येच करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रात्यक्षिकांची यादी समोर घेऊन, कोणते काम घरी निर्धोकपणे करता येईल आणि कोणते कार्यशाळेशिवाय होणारच नाही, हे शिक्षकांनी आधी ठरवावे. लेथ (धातू कातण्याचे यंत्र) आणि वेल्डिंग घरी शक्य नाही. इलेक्ट्रिकलची वायरिंग मात्र बऱ्याच अंशी शक्य आहे, फक्त ती घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर कधीही करू देऊ नये. प्रत्येकाला एक लाकडी फळी, दोन टू-वे स्विच, वायर, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर द्यावा. रेझिस्टर एलईडीच्या मालिकेतच जोडावा, नाहीतर एलईडी जळतो.

एवढ्या सामानात जिन्याची वायरिंग, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणच्या स्विचने चालू-बंद करण्याची जोडणी, पूर्ण करता येते. एका स्विचचे मधले टर्मिनल बॅटरीकडे, दुसऱ्याचे एलईडीकडे आणि उरलेली टर्मिनले दोन वायरींनी एकमेकांना जोडली, की कोणताही स्विच दाबल्यावर एलईडीची स्थिती बदलली पाहिजे. एक स्विच विशिष्ट स्थितीत असतानाच दुसरा चालत असेल, तर बहुधा मधले टर्मिनल ओळखण्यात चूक झालेली असते. हा दोष विद्यार्थ्याने स्वतः शोधावा. शिक्षकांनी फोनवर उत्तर सांगण्याची घाई करू नये, कारण कारागिराचे खरे शिक्षण याच शोधात होते.

शिक्षकांनी व्हिडिओ खांद्यामागून चित्रित करावा, म्हणजे डावे-उजवे उलटे दिसत नाही. विद्यार्थ्याने झाकण बसवण्यापूर्वी जोडांचा फोटो पाठवावा, कारण सोललेली तांब्याची तार टर्मिनलबाहेर राहिली आहे का, हे तेव्हाच कळते. स्मार्टफोन नसलेल्या घरी छापील आकृत्या सामानासोबतच द्याव्यात.

कार्यशाळा उघडण्याची परवानगी मिळाली, की पाच-सहा जणांचे गट करावेत. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर ज्वलनशील असल्यामुळे सोल्डरिंग किंवा वेल्डिंगपूर्वी हात साबणानेच धुवावेत, ही सूचना भिंतीवर ठळक लावावी.

कोल्हापूर परिसरातील उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांमुळे आपल्याकडे शिकण्याची मोठी सोय आहे. तेथे पालकांच्या लेखी संमतीने जावे, परंतु २०१६ च्या कायदा दुरुस्तीनुसार १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही, हे लक्षात घेऊन फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या) भट्टीऐवजी मापन आणि तपासणी विभाग निवडावा. तयार भाग व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजून ड्रॉइंगशी ताडून पाहणे हे तेथील मोलाचे काम आहे.

वर्ग पूर्ववत सुरू झाल्यावर घरच्या कामाला गुण देण्यापूर्वी शिक्षकांनी मुद्दाम दोष ठेवलेली फळी प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि तो दोष शोधायला पुरेसा वेळ द्यावा.