टेक्ससला लेकरं घेऊन चालले असाल तर हे आधी वाचा

दिवाळीला गावी आलो तर कळलं का आमच्या अन् आजूबाजूच्या खेड्यातले मिळून चार जण जानेवारीत अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या डॅलसकडं चालले. गाव आमचं दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्हा. दोघं एकटे आहेत, दोघं बायको-लेकरांसह. रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसतात अन् विचारतात, भाऊ काय काय नेऊ. म्हणून एकदाच बसून लिहून टाकतो.

बँक, लायसन, भाड्याचं घर, हे सगळं यूट्यूबवर सापडते. तूरडाळ मिळते, ज्वारीचं पीठही मिळते. मला लिहायचं ते लेकरांबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही, ज्याच्यावर येते तो लाजेनं तोंड उघडत नाही अन् बाकीच्यांना वाटते आपल्यावर थोडीच येते.

तिथं सीपीएस म्हणून सरकारी खातं आहे, चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजे लेकरांचं संरक्षण करणारं. लेकराचे हाल होऊन राहिले असा संशय आला तर कळवणं टेक्ससमध्ये प्रत्येक माणसावर कायद्यानं बंधनकारक आहे, अन् शिक्षक, नर्स, डेकेअरची बाई यांनी जाणूनबुजून नाही कळवलं तर गुन्हा त्यांच्यावर लागतो. म्हणून ते जरा काही दिसलं का फोन करतात, त्यांचा राग धरू नका. पण याचा परिणाम असा का २०२२ मध्ये अमेरिकेत साधारण ३० लाख लेकरांच्या घरी खातं पोचलं, अन् त्यातल्या साडेपाच लाखांच्या आसपास लेकरांबाबतच अत्याचार किंवा हेळसांड झाली असं ठरलं. बाकीच्या घरांतही साहेब येऊन गेलेले, लेकरांना एकटं बसवून प्रश्न विचारून झालेले.

त्या बाकीच्या घरांत एक घर माझं होतं, २०१६ साली.

पोरगी सात महिन्यांची, डेकेअरला जायला लागून पंधरा दिवस झाले होते. तिच्या कंबरेवर अन् ढुंगणावर निळसर डाग होते, आपल्याकडं कित्येक लेकरांना जन्मापासून असतात, दोन-चार वर्षांत आपोआप जातात. तिथले डॉक्टर त्याला मंगोलियन स्पॉट म्हणत. गोऱ्या लेकरांत क्वचितच दिसतात, त्यामुळं ज्यानं कधी पाहिले नाहीत त्याला तो मुका मार वाटते. डायपर बदलणाऱ्या बाईला तसंच वाटलं. संध्याकाळी सहाला दार वाजलं, सीपीएसचे दोघं उभे, गळ्यात ओळखपत्र.

आता आपल्याकडं कसं आहे, तलाठी आला, पोलीस पाटील आला, तर बाज टाका, चहा ठेवा, साहेब म्हणतील तिथं सही करा. मी तेच केलं. या बसा म्हटलं. बायकोनं पोळ्या सोडून चहा ठेवला. त्यांनी फ्रीज उघडून पाहिला, बाथरूम पाहिलं, आमच्या गाद्या जमिनीवर टाकलेल्या होत्या त्याचा फोटो काढला, लेकरू कुठं झोपते विचारलं तर मी खुशीत सांगितलं आमच्या मधात. मग विचारलं, मोठा मुलगा ऐकत नाही तेव्हा काय करता. माझ्या डोक्यात मराठी चालू होतं, "एखादा धपाटा देतो", अन् तोंडातून इंग्रजीत निघालं बीट. मारणं या आपल्या शब्दात टपलीपासून सगळंच येते, पण इंग्रजीत बीट म्हणजे बदडून काढणं. त्या दोघांतली बाई लिहीत होती, तिचा पेन तिथंच थांबला, अन् तिनं वर पाहिलं. ते वर पाहणं मी विसरू शकत नाही.

मग एक कागद पुढं आला, सेफ्टी प्लॅन. चौकशी संपेपर्यंत मी घरात राहायचं नाही, लेकरांना एकट्यानं भेटायचं नाही. म्हणाले तुमच्या मर्जीचा आहे, पण सही नाही केली तर पुढं काय होईल सांगता येत नाही. मी न वाचता सही केली. सदतीस दिवस एका मित्राच्या हॉलमध्ये झोपलो. लेकरांच्या त्वचेच्या डॉक्टरनं नंतर पोरीची पाठ पाहिली, दोन मिनिटं लागली, लिहून दिलं का हे जन्मजात आहे. वकिलाला चार हजार डॉलर गेले. शेवटी पत्र आलं, रूल्ड आउट, म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. माझा मोठा तेव्हा पाच वर्षांचा, पुढं वर्षभर दाराची बेल वाजली का तो स्वतःचे बूट उचलून पलंगाखाली जाऊन बसायचा. बूट काऊन, तर त्याला वाटायचं बूट दिसले नाही तर घरात पोरगं आहे हे त्यांना कळणार नाही.

त्या सदतीस दिवसांत आपल्या मराठी लोकांपैकी दोनच घरांतून डबा आला. गणपतीत मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी फोन उचलणं सोडलं, काहीतरी असल्याशिवाय खातं येते का, हे एकीनं माझ्या बायकोला तोंडावर म्हटलं. तुमच्या ओळखीत कोणावर अशी वेळ आली तर कृपा करून असं वागू नका, आधी डबा न्या.

आता कायदा. तेव्हाही घरात घेणं माझ्यावर बंधनकारक नव्हतं, पण हे मला कोणी सांगितलं नाही, अन् सांगायचं बंधन त्यांच्यावरही नव्हतं. टेक्ससमधल्या आईबापांनी, वकिलांनी हे वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा कुठं बदल झाला. २०२१ मध्ये हेळसांडीची व्याख्या आवळली, लेकराला तातडीचा धोका पाहिजे, नुसतं पोरगं एकटं बागेत खेळून राहिलं म्हणून चालत नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून तपास करणाऱ्यानं आईबापाला तोंडी अन् लेखी दोन्ही सांगावं लागते: वकिलाशिवाय बोललं नाही तरी चालते, घरात येऊ द्यायला नकार देता येते, बोलणं रेकॉर्ड करता येते, लेकराच्या तपासणीला अन् दवाखान्याच्या कागदांना संमती नाकारता येते, अन् सेफ्टी प्लॅनवर सही करण्याआधी वकिलाला विचारता येते. त्याच वर्षापासून टेक्ससमधलं खातं निनावी तक्रार घेत नाही. भाडेकरू-मालकाच्या भांडणातून, नवरा-बायकोच्या भांडणातून जे खोटे फोन जायचे त्याला यानं आळा बसावा हाच हेतू. न्यूयॉर्कनंही २०२२ पासून पुराव्याची पायरी वाढवली, आधी थोडासा पुरावा असला तरी आईबापाचं नाव लेकरांचे हाल करणाऱ्यांच्या राज्याच्या यादीत चढायचं. पण राज्याराज्यात नियम वेगळे, तुम्ही टेक्सस सोडून दुसरीकडं गेले तर तिथलं विचारून घ्या.

म्हणून सांगतो, खात्याची माणसं आली तर दारातच बोला. "मी सहकार्य करतो, पण आधी वकिलाशी बोलतो," एवढं वाक्य इंग्रजीत पाठ करा, बायकोलाही करून ठेवायला सांगा कारण दिवसा घरात तीच असते. आवाज चढवू नका, खोटं सांगू नका, दार आपटू नका. कोर्टाचा आदेश दाखवला तर आत येऊ द्या. अन् सेफ्टी प्लॅनवर त्या दिवशी सही नाही, कितीही गोड बोलले तरी नाही, कितीही भीती दाखवली तरी नाही, घाबरून जज्जाशिवाय आपणच आपलं घर मोडून देतो तो कागद आहे. कायदा बदलला तरी हा कागद अजून चालू आहे, अन् याच्यावर जज्जाची नजर सुरुवातीलाच पडली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. लेकरं खरंच नेली तर चौदा दिवसांत कोर्टात सुनावणी होते, तिथं तरी तुमचं ऐकणारा कोणी असते.

आपल्या लोकांना मी हेही सांगतो, सगळ्याच तक्रारी खोट्या नसतात. तिथं लेकरं मरेपर्यंत मार खातात, अन् आपल्या घरांतही पट्ट्यानं मारणारे बाप मी पाहिले. असल्या घरी खातं गेलंच पाहिजे, अन् खोट्या तक्रारींमागं त्यांची माणसं पळत राहिली तर त्या लेकराकडं पोचायला उशीर होते. हात उचलायची सवय असेल तर मुंबईच्या विमानतळावर चढायच्या आधी सोडा.

सात वर्षांखालच्या लेकराला गाडीत पाच मिनिटांच्या वर एकटं ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, कृषी केंद्रासमोर जीपमध्ये बसवून जातो तसं तिथं नाही. काजळ, सुरमा नेऊ नका, त्यात शिसं सापडते अन् तिथं लेकराच्या रक्तात शिसं तपासतात.

जाणाऱ्यांपैकी एकाची पोरगी आठ महिन्यांची आहे. काल ती आईच्या मांडीवर पालथी होती, तर कंबरेवर तोच निळा डाग, तळहाताएवढा. मी तिथंच उजेडात मोबाईलवर फोटो काढले, बाजूला पट्टी ठेवून. सोमवारी दारव्ह्याच्या डॉक्टरांकडं जाऊन तारखेसह इंग्रजीत लिहून आणायचं ठरलं आहे का डाग जन्मापासूनचा आहे, अन् अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्डही सोबत ठेवायचं. तिथं पोचल्यावर पहिल्याच भेटीत लेकरांच्या डॉक्टरला दाखवून त्याच्या फाईलीत नोंद करून घ्यायची, अन् त्याची प्रत डेकेअरच्या पहिल्या दिवशी बाईच्या हातात द्यायची, डायपरच्या पिशवीसोबत.