जुना अमेरिकन डॉलर समोर आला तर आधी कड बघा

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात राणीछाप रुपयांच्या ढिगातून मधूनच मोकळ्या केसांच्या बाईचा मोठा चांदीचा डॉलर निघतो. त्यावर १७९४ किंवा १८०४ असेल तर विकणारा हळू आवाजात बोलू लागतो. १५ ऑक्टोबर १७९४ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पहिले १,७५८ डॉलर दिले, त्यातलं एक नाणं २०१३ साली लिलावात एक कोटी डॉलरच्या पुढे गेलं. नकला करणारे या सालांवर तुटून पडतात ते यामुळेच.

१८०४ चा निकाल झटपट लावा. ते साल घातलेले डॉलर त्या वर्षी पडलेच नव्हते. १८३४ च्या सुमारास सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट द्यायच्या संचांसाठी ते पाडले गेले, नंतर आणखी काही निघाले. ज्ञात आहेत ते सगळे मिळून सोळा. सतरावा आपल्या बाजारात पाचशे रुपयांना मिळणार नाही. ठेवून द्या आणि चहा प्या.

खरी तपासणी १७९४ ते १८०३ मधल्या डॉलरची. सुरुवात चेहऱ्यापासून नको, कडेपासून करा. या नाण्यांच्या दोन्ही बाजूंना किंमत लिहिलेलीच नाही. ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ ही अक्षरं कडेवर आत दाबलेली असतात आणि शब्दांमध्ये नक्षी असते. अक्षरं छाप मारण्याआधी वेगळ्या यंत्रात दाबली जात, म्हणून अंतर कमीजास्त किंवा एखादं अक्षर दुसऱ्यावर चढलेलं चालतं. पण कड रुपयासारखी दातेरी असेल, किंवा कडेभोवती सांध्याची रेघ फिरत असेल, तर विषय संपला.

मग वजन. कायद्याने ठरलेलं २६.९६ ग्रॅम, व्यास ३९ ते ४० मिलिमीटर. सराफाच्या दहा मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच तोला. खूप झिजलेलं नाणं अर्धा ग्रॅम कमी भरू शकतं. मात्र केसांची बट न् बट ठसठशीत आणि वजन २५ ग्रॅम, असं एकत्र होत नाही.

वजन जुळवणं नकलाकारालाही जमतं, म्हणून पाण्यातलं माप घ्या. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. अस्सल डॉलरला तो साधारण २.६२ येतो, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) तेवढ्याच वजनाचं नाणं ३.१ दाखवेल. आकडा थोडा जास्त आला तर आधी कडेच्या अक्षरांत अडकलेले बुडबुडे झटका आणि पुन्हा बुडवा. सुती दोरा पाणी पितो, तो नको.

आता दहापट भिंग. अक्षरांच्या कोपऱ्यांत फुगीर ठिपके आणि साबणासारख्या गुळगुळीत कडा दिसल्या तर नाणं साच्यात ओतलेलं आहे. मात्र समांतर ओरखडे दिसले म्हणून लगेच नाकारू नका. जादा वजनाच्या चकत्या टांकसाळ छाप मारण्याआधी कानशीने घासत असे. अशा रेघा छापाखाली दबून बऱ्याचदा पुसट होतात. नंतरचा ओरखडा छापावरून कापत जातो. बाईच्या डोक्यावर, घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी डाख किंवा भरलेलं भोक आहे का तेही पाहा. माळेत ओवलेल्या नाण्याची कडी काढली की तिथला पृष्ठभाग वेगळा चमकतो, आणि किंमत निम्म्याहून खाली येते.

टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायचा असेल तर मशीनवर काढा, कसावर नाही. कायद्याने चांदी ८९.२ टक्के, बाकी तांबं. वरच्या थरातलं तांबं झिजून गेल्याने मशीन ९० किंवा थोडं वर दाखवेल, ते ठीक. ९९ दाखवलं तर ती आजची चांदी. कसोटीच्या दगडावर घासलेला एक पट्टा किंवा तेजाबाचा एक थेंब, आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाणं खराब झालं. विट्याकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचा हात चांदीत बसलेला असतो खरा, पण त्यांचं काम मुशीत संपतं. 

काळपट थर तसाच राहू द्या. चिंच, रांगोळी, दंतमंजन, भांड्यांची पावडर यापैकी काहीही नको. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवून, न घासता कापसाने टिपा. जवळपास ज्योत नको, आणि नखांचं रिमूव्हर त्यासाठी वापरू नका, त्यात इतर पदार्थ असतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून हिरवा चिकट थर चढतो. पॉलिएस्टरचं पाकीट, शेजारी सिलिका जेलची पुडी. रबरबँड अजिबात नको, गंधकामुळे काळा पट्टा उमटतो.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सीलबंद डबीत मिळालं तरी डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा, डब्यांच्याही नकला निघतात. आणि तिकडे तपासायला पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं, परवानगीशिवाय ते देशाबाहेर कुरिअर करता येत नाही.