वरातीमागून फर्मवेअर: लिनक्स बूट होताना क्रम चुकतो तेव्हा काय करायचं

बोर्ड सुरू होतो, लॉगिन येतं, सगळं झक्कास, फक्त वायफाय गायब. डीमेसग (कर्नलचा लॉग) बघावं तर एक ओळ, 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर अमुकतमुक फेल्ड विथ एरर -२'. -२ म्हणजे ईनोएन्ट, फाइल सापडली नाही. /लिब/फर्मवेअर मध्ये जाऊन बघता तर फाइल तिथेच, नाव बरोबर, परमिशन बरोबर. मग माणूस फाइल परत डाउनलोड करतो, जुनं व्हर्जन टाकून बघतो, डिस्ट्रोला शिव्या घालतो, म्हणजे आजार म्हशीला न् औषध पखालीला. अहो फाइल आत्ता आहे, पण ड्रायव्हरने मागितली तेव्हा ती ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच माउंट झाली नव्हती, म्हणजे कर्नलला अजून वाचता येत नव्हती.

(कमांड आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी अक्षरांत करा.)

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, तुमचा फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, कुठल्या जातीचा आहे. एक म्हणजे ब्लॉब, जो ड्रायव्हर फाइलमधून वाचून चिपमध्ये ढकलतो, वायफाय, जीपीयू, लॅन कार्ड वगैरे. दुसरा म्हणजे प्लॅटफॉर्मचा फर्मवेअर, जो कर्नलच्या आधीपासून बोर्डवर चालूच असतो आणि कर्नल त्याला विनंती करतं की बाबा हे क्लॉक लाव, तो रीसेट सोड, उदाहरणार्थ रास्पबेरी पायमधला व्हिडिओकोअरचा (त्याच्या ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा) किंवा एआरएम बोर्डांवरचा एससीएमआयवाला (अशा विनंत्या करायची एक ठरलेली पद्धत). पहिल्या जातीत गोंधळ होतो तो फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्या क्रमाचा, दुसरीत दोन ड्रायव्हर्सच्या आपापसातल्या क्रमाचा. लक्षणं सारखी दिसतात पण औषध वेगळं, म्हणून आधी हे.

आता क्रम ठरतो कसा ते बघू, हे कळलं की अर्धं काम झालं. कर्नलच्या आत बांधलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचं एक इनिटकॉल (बूट होताना चालणारं सुरुवातीचं फंक्शन) असतं आणि त्याच्या ० ते ७ अशा लेव्हल असतात: प्युअर, कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस, लेट. तुम्ही साधं मॉड्यूल_इनिट लिहिलंत आणि कर्नल कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर =वाय करून बिल्ट-इन केलात तर तो ६ नंबरच्या डिव्हाइस लेव्हलला जातो. एकाच लेव्हलमध्ये आधी कोण, तर ज्याचं नाव लिंक होताना आधी आलं तो, म्हणजे शेवटी मेकफाइलमधल्या ओळींचा क्रम! त्यामुळे कोणीतरी मेकफाइल अल्फाबेटिकल लावली आणि बोर्ड बूट व्हायचा बंद झाला असं खरंच होऊ शकतं. ५ आणि ६ च्या मध्ये रूटएफएस नावाचा एक टप्पा आहे, तिथे इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) उलगडायला सुरुवात होते (२०२१ च्या ५.१३ पासून हे काम मागे समांतर चालतं, पण घाबरू नका, फर्मवेअर लोडर ते संपेपर्यंत थांबतो). आणि खरी डिस्क? ती या सगळ्या लेव्हल संपल्यावर. हे वाक्य परत वाचा, कारण ऑनलाइन सापडणारा निम्मा सल्ला इथेच फसतो. 'मॉड्यूल_इनिटचं लेट_इनिटकॉल करा' असं कोणी सांगितलं तरी लेट म्हणजे ७, आणि ७ सुद्धा डिस्क माउंट व्हायच्या आधीच येतो.

याचा पुरावा बऱ्याच जणांच्या लॉगमध्ये आयता पडलेला असतो. सीएफजी८०२११ (कर्नलमधला वायफायचा सामायिक भाग) बिल्ट-इन असेल तर तो रेग्युलेटरी.डीबी ही देशोदेशीच्या वायफाय नियमांची फाइल लेट_इनिटकॉलमध्येच मागतो, आणि इनिटरॅमएफएसमध्ये ती नसेल तर तीच -२ ची ओळ येते. पुढे डिस्क आल्यावर 'आयडब्ल्यू रेग रीलोड' मारलं की निमूटपणे लोड होते.

तपास करताना कर्नल कमांड लाइनला (बूटलोडर कर्नलला देतो ती पर्यायांची ओळ) तीन गोष्टी जोडा: इनिटकॉल_डिबग, इग्नोर_लॉगलेव्हल, आणि लॉग_बफ_लेन=१६एम, कारण लॉग इतका वाढतो की सुरुवातीच्या ओळी पुसल्या जातात आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. आता प्रत्येक इनिटकॉलसाठी 'कॉलिंग अमुक' आणि 'इनिटकॉल अमुक रिटर्न्ड ० आफ्टर इतके युसेक्स' अशी जोडी दिसेल. इथे एक सापळा आहे. तो ० म्हणजे ड्रायव्हर फक्त रजिस्टर झाला, डिव्हाइस चालू झालं असं नाही. ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेऊन चालू करायचा प्रयत्न करतो त्याला प्रोब म्हणतात, आणि डिव्हाइसचं खरं काय झालं ते 'प्रोब ऑफ अमुक रिटर्न्ड' या ओळीत असतं, हाच डिबग पर्याय ती पण छापतो, तीच शोधा. तिथे -२ दिसला (किंवा ड्रायव्हरने स्वतःची -२ ची ओळ छापली) तर पहिली जात, -५१७ दिसला तर दुसरी.

ब्लॉबवाल्या केसमध्ये मग वेळ जुळवा. फर्मवेअर फेल झाल्याची ओळ आणि 'रन /इनिट ॲज इनिट प्रोसेस' ही ओळ, यात आधी कोण? इनिटरॅमएफएस नसेल तर 'व्हीएफएस: माउंटेड रूट' शी तुलना करा. फेल आधी असेल तर क्रमाचाच घोळ. लगेच खात्री करायची तर पूर्ण बूट झाल्यावर /सिस मधल्या त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये बाइंड फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव एको करा (आधीपासून चिकटलेलं असेल तर आधी अनबाइंड मध्ये). आता चाललं तर फाइल आणि हार्डवेअर दोन्ही ठीक आहेत, फक्त वेळ चुकली होती. आताही -२ आला तर मात्र क्रमाच्या मागे लागू नका, फाइलचं टोक बघा. आजकाल डिस्ट्रो फर्मवेअर .एक्सझेड किंवा .झेडएसटी करून देतात आणि तुम्ही स्वतः बांधलेल्या कर्नलमध्ये एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस चालू नसेल तर त्याला ती फाइल दिसतच नाही. एक्सझेड ५.३ पासून चालतं, झेडएसटी ५.१९ पासून, त्याच्या आधीच्या कर्नलला नवीन फर्मवेअर पॅकेज लावलंत तर हेच होणार.

उपाय नंबर एक, आणि नव्वद टक्के लोकांनी इथेच थांबावं: ड्रायव्हर =वाय ऐवजी =एम करा. मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल, झालं की युडेव्ह (डिव्हाइस दिसलं की त्याचं मॉड्यूल लोड करणारा प्रोग्राम) त्याला डिस्क आल्यावर लोड करतं, विषय संपला.

पण मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये गेलं असेल तर तो परत लवकरच लोड होणार, म्हणून त्याच्यासोबत फर्मवेअरही आत हवा. 'मॉडइन्फो -एफ फर्मवेअर' (कॅपिटल एफ) आणि ड्रायव्हरचं नाव, एवढं टाकलं की तो कुठल्या फाइल मागू शकतो ती यादी येते. ही यादी ड्रायव्हरमधल्या मॉड्यूल_फर्मवेअर या मॅक्रोतून येते आणि इनिटरॅमएफएस बनवणारी टूल्स हीच वाचतात, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो मॅक्रो टाकला नसेल तर टूलला कळणारच नाही. (तुम्ही स्वतःच ड्रायव्हर लिहिताय? मग आत्ताच टाका.) डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरावर ड्रॅकट -एफ, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ -पी (कॅपिटल पी). नंतर एलएसइनिटरॅमएफएस, एलएसइनिटआरडी किंवा एलएसइनिटसीपीआयओने आत फाइल खरंच गेली का ते डोळ्याने बघा. रूट डिस्क ज्या कंट्रोलरवर आहे त्यालाच फर्मवेअर लागत असेल तर तो डिस्कवर ठेवून उपयोगच नाही, तिथे हा मार्ग किंवा पुढचा, तिसरा नाही.

पुढचा म्हणजे एक्स्ट्रा_फर्मवेअर हा कर्नल कॉन्फिगचा पर्याय, ब्लॉब थेट कर्नल इमेजमध्ये बांधायचा. इनिटरॅमएफएस नसलेल्या छोट्या एम्बेडेड बोर्डांना हे बरं पडतं. नाव द्यायचं ते एक्स्ट्रा_फर्मवेअर_डिर पासून पुढचं, म्हणजे 'आरटीएल_एनआयसी/फाइल.एफडब्ल्यू' असं, आणि फाइल आधी अनकॉम्प्रेस करून ठेवायची. तोटा असा की फर्मवेअर बदलला की कर्नल परत बांधा, शिवाय अशी इमेज दुसऱ्यांना वाटणार असाल तर लायसन्स नीट वाचा, जीपीएलवाल्या कर्नलच्या आत बंद ब्लॉब म्हणजे डोकेदुखी आहे.

यूजर हेल्पर फॉलबॅक (कर्नलला फाइल मिळाली नाही तर बाहेरच्या प्रोग्रामकडे मागायची जुनी सोय) चालू करा असंही कोणी सांगेल. नका करू. कर्नल ३.७ पासून स्वतःच फाइल वाचतं, आणि युडेव्हने ते काम सिस्टिमडी २१७ ला, २०१४ मध्ये, सोडून दिलं, त्यामुळे आता तुम्ही ऐकायला कोणी नसलेल्याला हाक मारून ६० सेकंद टाइमआउटची वाट बघत बसाल.

ड्रायव्हर तुमचा स्वतःचा असेल तर अजून एक छान पर्याय आहे, फर्मवेअर प्रोबमध्ये मागूच नका, डिव्हाइस खरंच वापरायला घेतील तेव्हा मागा. टीजी३ हा ब्रॉडकॉमचा लॅन ड्रायव्हर इंटरफेस अप करताना मागतो, तोपर्यंत डिस्क आलेली असते. रिक्वेस्ट_फर्मवेअर_नोवेट वापरलं की काम झालं असं काहींना वाटतं पण ते फक्त वाट न अडवता मागतं, डिस्क येईपर्यंत थांबत नाही. बीआरसीएमएफमॅक, म्हणजे रास्पबेरी पायचा वायफाय, असंच मागतो आणि बिल्ट-इन केला तर एसडी कार्ड आधी माउंट होतंय की मागणी आधी जातेय यावर नशीब, म्हणून कधी चालतो कधी नाही. जाता जाता, हा ड्रायव्हर आधी बोर्डचं नाव असलेली फाइल मागतो आणि ती नसली की साधी, त्यामुळे पहिली -२ ची ओळ येऊनही वायफाय चालू असेल तर तो बग नाहीये.

आता दुसरी जात, -५१७. हा ईप्रोब_डिफर, म्हणजे ड्रायव्हर म्हणतोय मला ज्याच्यावर अवलंबून राहायचंय तो अजून आला नाही, मला नंतर बोलवा. ही सोय ३.४ मध्ये, २०१२ साली आली, त्याच्या आधी लोक खरंच लेव्हल वरखाली करूनच काम भागवायचे आणि जुन्या बोर्डांच्या कोडमध्ये त्याचे अवशेष अजून सापडतात. -५१७ एकदोनदा येऊन नंतर ० आला तर सगळं ठीक चाललंय. शेवटपर्यंत अडकलेल्यांची यादी डिबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम) डिव्हायसेस_डिफर्ड या फाइलमध्ये मिळते, ड्रायव्हरने डेव्ह_एर_प्रोब वापरलं असेल तर कारणासकट.

अडकलेलं दिसलं की पहिला प्रश्न: ज्याची वाट बघतोय तो ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालू तरी आहे का? हसू नका, हेच सगळ्यात जास्त वेळा निघतं. क्लॉकचा किंवा फर्मवेअर इंटरफेसचा ड्रायव्हर =एम आहे आणि इनिटरॅमएफएसमध्ये गेला नाही, आणि रूट डिस्क त्याच्यावर अवलंबून, मग दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

दुसरा प्रश्न, मधे कोणी -५१७ गिळतोय का. ड्रायव्हरमध्ये 'इज_एर असेल तर रिटर्न -ईनोडेव्ह' असं कुठे दिसलं की तिथेच थांबा. वरून आलेला 'नंतर या' हा निरोप त्याने 'नाहीच आहे' असा पुढे दिला आणि कर्नल परत प्रयत्न करतच नाही. मूळ एरर जशीच्या तशी परत द्या. रास्पबेरी पायचं आरपीआय_फर्मवेअर_गेट तर फर्मवेअर तयार नसेल तेव्हा एरर न देता सरळ नल देतं, तिथे ईप्रोब_डिफर तुम्हालाच परत करावा लागतो. आणि डिफर करायचं असेल तर प्रोबच्या अगदी सुरुवातीला करा, चाइल्ड डिव्हाइस बनवून मग डिफर केलंत तर प्रत्येक नवीन डिव्हाइसमुळे परत सगळ्यांना प्रोब आणि असं चक्र कायम फिरत राहू शकतं, नंतर ती चाइल्ड साफ केलीत तरी.

पाय ४ ची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्याची यूएसबी चिप व्हीएल८०५ पीसीआयवर बसते, आणि पीसीआय रीसेट झाल्यावर काही बोर्डांवर तिचा फर्मवेअर व्हिडिओकोअरने परत भरावा लागतो, कर्नलने त्याला मेलबॉक्सवरून सांगितल्यावर. २०२० मध्ये आधी केलं ते असं, पीसीआय कंट्रोलरच्या ड्रायव्हरला फर्मवेअरची वाट बघायला लावलं आणि यूएसबीच्या क्वर्क्समध्ये (विचित्र हार्डवेअरसाठीच्या अपवादांच्या कोडमध्ये) पायसाठी खास कोड घातला. चालत होतं. पण पीसीआय कंट्रोलरला यूएसबी चिपच्या भानगडीशी काय देणंघेणं? मग ते सगळं काढून एक छोटा रीसेट कंट्रोलर ड्रायव्हर लिहिला आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कसं जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन) यूएसबीच्या नोडला 'रीसेट्स' ही एक प्रॉपर्टी दिली. आता यूएसबी स्वतःच म्हणतं मला हा रीसेट हवा, रीसेट म्हणतो मला फर्मवेअर हवा, आणि क्रम आपोआप लागतो. तुमच्या बोर्डवर पण असंच करता येतं का बघा, कोण आधी हे कोडमध्ये ठोकण्यापेक्षा कोणाला काय लागतं हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहा.

डिव्हाइस ट्रीत लिहिल्याचा आणखी फायदा म्हणजे एफडब्ल्यू_डेव्हलिंक. २०२१ पासून हे डीफॉल्टने चालू आहे, कर्नल या प्रॉपर्टी वाचून आधीच ठरवतं की सप्लायर (ज्याच्यावर अवलंबून आहे तो) आल्याशिवाय ग्राहकाला (जो अवलंबून आहे त्याला) प्रोबच करायचं नाही. यामुळे कधी नवीन कर्नलवर जुना बोर्ड अडतो, तेव्हा एफडब्ल्यू_डेव्हलिंक=परमिसिव्ह लावून बघा. त्याने चाललं तर तुमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये चुकीचं किंवा अर्धवट अवलंबन लिहिलंय. ते दुरुस्त करा, परमिसिव्ह तसंच ठेवून बोर्ड गिऱ्हाइकाला देऊ नका. डिव्हाइसच्या /सिस फोल्डरमधली वेटिंग_फॉर_सप्लायर फाइल १ दाखवत असेल तर तो सप्लायरचं डिव्हाइस अजून बनायचीच वाट बघतोय.

लेव्हल बदलणं कधीच करायचं नाही असं नाही. फर्मवेअरशी बोलणारा मूळ ड्रायव्हर, ज्याच्यावर अर्धा बोर्ड टेकलाय, तो सबसिस लेव्हलला असणं रास्त आहे, एससीएमआय तिथेच आहे, कारण उगाच शंभर ड्रायव्हर्सना डिफर करत बसण्यापेक्षा तो आधी आलेला बरा. पण तो उशिरा आला तरी बाकीचे अडखळता कामा नयेत. हे तपासायला त्यालाच मुद्दाम मॉड्यूल करून बघा, ग्राहक ड्रायव्हर्स शांतपणे थांबून नंतर चालू झाले पाहिजेत.

शेवटी तपासणी. नुसतं रीबूट करून बघू नका, पॉवर काढून लावा, कारण वॉर्म रीबूटमध्ये चिपमध्ये आधीचाच ब्लॉब शिल्लक असू शकतो आणि तुम्हाला वाटतं पॅच लागू पडला. कमांड लाइनवर ड्रायव्हर_असिंक_प्रोब= ला आपल्या ड्रायव्हरचं नाव देऊन क्रम मुद्दाम हलवून बघा. आणि सस्पेंड-रिझ्यूम विसरू नका. उठताना डिस्क जागी झालेली असेलच असं नाही, म्हणून कर्नल आधी प्रोबमध्ये मागितलेले फर्मवेअर सस्पेंडच्या वेळी मेमरीत धरून ठेवतं. तुमच्या ड्रायव्हरने प्रोबमध्ये काहीच मागितलं नाही आणि रिझ्यूममध्ये पहिल्यांदाच मागितलं तर ती सोय मिळत नाही, तिथे फर्मवेअर_रिक्वेस्ट_कॅश वापरून नाव आधी नोंदवून ठेवा.